जॉर्ज मॅक्डोनल्ड

कपाटाचें दार उघडावें आणि पलीकडे बर्फाच्छादित अरण्य दिसावें, आरशांत पाऊल टाकावें आणि निराळ्याच सृष्टींत उतरावें, अशा गोष्टी इंग्रजी वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. आपल्या घरांत परक्यासारख्या वावरणाऱ्या मुलाला त्या पलीकडच्या देशांत काम मिळतें, सोबती मिळतात. म्हणूनच तीं पुस्तकें हातीं असतां जेवणाची हाक ऐकूं येत नाहीं. परंतु ही वाट ज्यांनीं रुळविली त्यांपैकीं एक गृहस्थ स्वतः व्यासपीठावरून दूर सारलेले उपदेशक होते, हें थोड्यांसच ठाऊक असतें. त्यांचें चरित्र आम्ही येथें सांगत आहों.

जॉर्ज मॅक्डोनल्ड यांचा जन्म स्कॉटलंडच्या ईशान्येस हंटली या गांवीं १० डिसेंबर १८२४ रोजीं झाला. वडील शेतकरी होते. आई १८३२ सालीं वारली. तिचें एक पत्र मुलानें जन्मभर जपून ठेविलें. घरची मंडळी ज्या उपासनामंदिरांत जात तें परदेशांतील मिशनकार्यास आस्थेनें साह्य करी, म्हणून गांवकरी त्यास मिशनरी मंदिरच म्हणत. देवानें कांहीं माणसें तारणासाठीं आधींच निवडिलीं आहेत व बाकीचीं टाकिलीं आहेत, अशी कडक शिकवण तेव्हां तेथें मिळे. ती प्रथम ऐकतांच लहानगा जॉर्ज रडूं लागला, असें सांगतात. तूं स्वतः निवडलेल्यांत आहेस असें सांगूनही त्याचें समाधान होईना. वाचकांनीं हें रडणें ध्यानांत ठेवावें.

अबर्डीन येथील किंग्ज कॉलेजांत रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान शिकून १८४५ सालीं ते पदवीधर झाले, व पुढें लंडनजवळ धर्मशिक्षण घेऊन १८५० सालीं इंग्लंडच्या दक्षिणेस अरंडेल येथील मंडळीचे पाळक झाले. त्याच सुमारास तोंडावाटे रक्त पडून क्षयाची सूचना मिळाली. १८५१ च्या मार्च महिन्यांत लुइझा पॉवेल यांच्याशीं विवाह झाला. संसार मांडला न मांडला तोंच कुरबुर सुरू झाली. नोव्हालिस या जर्मन कवीच्या भक्तिगीतांचें त्यांनीं भाषांतर केलें होतें. तेव्हां पाळकास जर्मन विचारांची बाधा झाली अशी शंका निघाली. त्यांतच, ज्यांस सुवार्ता कधीं ऐकावयासच मिळाली नाहीं अशांसाठींही मरणानंतर देवाच्या दयेंत कांहीं सोय असेल, अशी आशा त्यांनीं बोलून दाखविली. १८५२ सालीं कारभाऱ्यांनीं त्यांचें वार्षिक वेतन १५० पौंडांवरून ११५ पौंडांवर आणिलें. पाळक निघून जाईल हा त्यांतला हेतु. पण मॅक्डोनल्ड यांनीं, आम्ही थोडक्यांत भागवूं, एवढेंच सांगितलें. कारभारी दुष्ट होते असें आम्हांस वाटत नाहीं. शिकवण शुद्ध राहावी ही त्यांची काळजी खरी होती. परंतु पगार कापून माणसाचें मत वळवूं पाहणें हा मार्ग हलकाच. अखेर १८५३ सालीं राजीनामा देऊन ते बाहेर पडले. त्यानंतर पगारी पाळकाची कायमची जागा त्यांनीं कोठेंही धरिली नाहीं.

पदरीं मुलें, प्रकृति नाजूक, आणि उत्पन्न व्याख्यानांचें व लेखणीचें. कवि बायरन याच्या विधवेनें साह्य केलें म्हणून १८५६ चा हिवाळा त्यांस अल्जिअर्सच्या उबदार हवेंत काढतां आला. १८५८ सालीं ‘फँटॅस्टीज’ हें पुस्तक निघालें. त्याचा नायक अनोडॉस यास एकविसाव्या वाढदिवशीं मृत पित्याच्या मेजाच्या किल्ल्या मिळतात. मेज उघडतां आंतून एक चिमुकली स्त्री प्रकट होते. दुसऱ्या सकाळीं जागा होऊन पाहतो तों हात धुण्याच्या पात्रांतून पाणी झऱ्यासारखें वाहत आहे, गालिच्यावरील गवत खरेंच डोलत आहे. तो त्या ओढ्याच्या कांठानें परीराज्यांत शिरतो. तेथें एका झोपडींत, उघडूं नको म्हणून बजावलेलें दार तो उघडतो, आणि एक काळी छाया त्याच्या पाठीस लागते. ती जिच्यावर पडेल ती सुंदर वस्तु निस्तेज होते. आपण मोठे वीर हा अभिमान गळून तो दुसऱ्याचा चाकर होण्यांत संतोष मानूं लागतो, तेव्हां ती छाया नाहींशी होते. घरीं परततो तों केवळ एकवीस दिवस गेलेले. त्याला मात्र तीं एकवीस वर्षें वाटतात. परी-राक्षसांच्या गोष्टी ख्रिस्ती शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणा पालकांच्या मनांत आल्यास त्यांनीं या छायेचा थोडा विचार करावा.

मुलांसाठीं त्यांनीं लिहिलेल्या गोष्टी याहून सोप्या आहेत. १८७१ सालीं निघालेल्या ‘ॲट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड’ या पुस्तकांत गाडीवानाचा मुलगा डायमंड तबेल्यावरच्या गवताच्या माळ्यांत निजतो. फळीच्या भोंकांतून शिरणारा उत्तरेचा वाराच लांब केसांची स्त्री होऊन त्याच्याशीं बोलतो व त्यास रात्रीच्या लंडनवरून उडवीत नेतो. ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ ही १८७२ ची. गणिताचे अध्यापक डॉजसन, म्हणजेच ल्यूइस कॅरल, हे त्यांचे स्नेही. ॲलिसच्या गोष्टीचें हस्तलिखित त्यांनीं मॅक्डोनल्ड यांच्या घरीं वाचावयास दिलें, आणि सहा वर्षांच्या ग्रेव्हिलनें अशा साठ हजार प्रती हव्यात असा निकाल दिला. ‘ॲलिस’ १८६५ सालीं छापली गेली, तिला या चिमुकल्या परीक्षकाचा हातभार होता!

पैशांची चणचण कधीं सरली नाहीं. १८७७ सालीं राणी व्हिक्टोरियाकडून सालीना १०० पौंडांचें निवृत्तिवेतन सुरू झालें. त्याच वर्षापासून हें कुटुंब आमच्याकडे ‘यात्रिकक्रमण’ म्हणून परिचित असलेल्या बन्यनच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाचे नाट्यप्रयोग करी. धीरवीर मार्गदर्शकाची भूमिका स्वतः मॅक्डोनल्ड करीत, ख्रिस्तीणबाईची थोरली कन्या लिलिया. अकरा अपत्यांपैकीं मेरी १८७८ त गेली, मॉरिस १८७९ त, ग्रेस १८८४ त, आणि १८९१ त लिलिया. इटलींतील बोर्डिगेरा येथील त्यांचें घर मात्र पाहुण्यांस व गोरगरिबांस उघडेंच राहिलें. १८९५ सालच्या ‘लिलिथ’ कादंबरींत नायक माळ्यावरील आरशांतून मृतांच्या देशांत जातो. इतकीं प्रेतें घरांतून गेल्यावर लिहिलेलें तें पुस्तक मुलांच्या हातीं एकदम देऊं नये असें आमचें मत आहे. पुढें शेवटचीं कांहीं वर्षें ते जवळजवळ अबोलच होते. पत्नी १९०२ सालीं वारली. १८ सप्टेंबर १९०५ रोजीं इंग्लंडांत ॲशटेड येथें त्यांनीं देह ठेविला, व रक्षा बोर्डिगेरास पत्नीशेजारीं पुरण्यांत आली.

१९१६ च्या मार्चांत सरे परगण्यांतील एका रेल्वे स्टेशनावर सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें ‘फँटॅस्टीज’ची प्रत विकत घेतली. त्याचीही आई लहानपणींच वारली होती, आणि देवावर त्याचा विश्वास उरला नव्हता. तो क्लाइव्ह स्टेपल्स ल्यूइस. कपाटापलीकडच्या नार्नियाचीं सात पुस्तकें त्यानें १९५० ते १९५६ या काळांत प्रसिद्ध केलीं. त्यापूर्वीं ‘द ग्रेट डिव्होर्स’ या पुस्तकांत त्यानें स्वर्गाच्या सीमेवर भांबावून उभ्या असलेल्या प्रवाशाचें चित्र रेखाटलें आहे. त्याला सामोरा जाऊन वाट समजावून देणारा तेथील वृद्ध स्कॉच गृहस्थ म्हणजे अरंडेलचे हे पाळक होत.