स्वतःहून तुरुंगात गेलेला संपादक

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

दुसऱ्या महायुद्धाची कारणे आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. व्हर्सायचा तह, १९२९ ची जागतिक मंदी, राष्ट्रसंघाचे दुबळेपण, इटलीत मुसोलिनी आणि जर्मनीत हिटलर यांचा उदय, इंग्लंड-फ्रान्सचे अनुनयाचे धोरण... दहा गुणांचा प्रश्न, दीड पानाचे उत्तर! मीही ते असेच घोकले होते. पण गेल्या वर्षी एका तासाला आमच्या सरांनी एक साधासा प्रश्न टाकला आणि माझे दीड पान कोलमडले. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला विमानदल ठेवायला बंदी होती. मग १९३५ साली हिटलरने जगापुढे मांडलेले विमानदल काय एका रात्रीत आकाशातून पडले? आणि ती तयारी आधीपासून चालली असेल, तर खुद्द जर्मनीत ती कोणाच्याच नजरेस कशी आली नाही?

वर्गात शांतता पसरली. सरांनी उत्तर सांगितले नाही. फळ्यावर फक्त एक नाव लिहिले आणि घंटा होताच ते निघून गेले. ते नाव नीट उच्चारायलाच मला दोन दिवस लागले : कार्ल फॉन ओसिएट्स्की. त्यानंतर ग्रंथालयात बसून जे हाती लागले, ते येथे सांगत आहे.

नावातल्या ‘फॉन’मुळे हा कोणी सरदारपुत्र असावा असे वाटते. तसे काही नव्हते. ३ ऑक्टोबर १८८९ रोजी हँबुर्ग शहरात त्याचा जन्म झाला. तो दोन वर्षांचा असतानाच वडील वारले. शाळेची परीक्षा काही त्याला पास होता आली नाही (आमच्यातल्या काहींना यात दिलासा वाटेल!) आणि मग हँबुर्गच्या न्यायखात्यात त्याने कारकुनी धरली. दिवसा खर्डेघाशी, रात्री वाचन. १९१३ मध्ये मॉड नावाच्या इंग्रज तरुणीशी त्याने लग्न केले. पुढच्याच वर्षी त्या दोघांचे देश एकमेकांवर तोफा डागू लागले. १९१६ मध्ये त्यालाही सैन्यात घेतले गेले आणि पश्चिम आघाडीवर व्हर्दूनच्या परिसरात त्याने युद्ध जवळून पाहिले. परतला तो युद्धाचा कायमचा वैरी होऊन. बर्लिनला आल्यावर त्याने काही काळ जर्मन शांतता संघाचे चिटणीसपद सांभाळले. पण सभा-ठरावांत त्याचा जीव रमला नाही आणि तो पूर्णपणे पत्रकारितेकडे वळला.

त्या वेळच्या बर्लिनमध्ये ‘वेल्टब्यूने’ म्हणजे ‘जागतिक रंगमंच’ या नावाचे एक साप्ताहिक निघत असे. लाल मुखपृष्ठाची लहानशी पुस्तिका, खप फार तर पंधरा हजार. पण मंत्र्यांपासून सेनाधिकाऱ्यांपर्यंत सगळे ते वाचत आणि बहुतेक सगळे चिडत. त्याचे संस्थापक-संपादक याकोबसोन १९२६ च्या डिसेंबरात अकस्मात निधन पावले. त्यांच्यामागे काही महिने कुर्ट टुखोल्स्की या विख्यात विडंबनकाराने गाडा ओढला आणि १९२७ मध्ये तो ओसिएट्स्कीच्या हाती दिला. ओसिएट्स्की माणूस अबोल, संकोची; चारचौघांत बोलतानाही अडखळणारा. लेखणी मात्र सुरीसारखी.

येथे जरा थांबले पाहिजे, कारण खरा विषय येथेच आहे. जर्मनीत तेव्हा हिटलरचे राज्य नव्हते. कैसर पळून गेला होता, प्रजासत्ताक आले होते, घटना होती, निवडणुका होत होत्या, वृत्तपत्रांना स्वातंत्र्य होते. मात्र सेनाधिकारी आणि न्यायाधीश बव्हंशी कैसरच्या काळातलेच राहिले होते. व्हर्सायच्या तहाने सैन्यावर एक लाखाची मर्यादा घातली होती. रणगाडे, पाणबुड्या, लढाऊ विमाने यांना मज्जाव होता. हा तह जर्मनीवर अन्याय करणारा होता असे अनेक जर्मनांना वाटे, आणि त्यात तथ्यही असेल. पण सेनेने त्यावर उपाय शोधला तो लोकसभेला आणि जनतेला अंधारात ठेवून. रशियात लिपेत्स्क येथे जर्मन वैमानिकांचे गुप्त शिक्षण चालू होते. विमानांचा खर्च नागरी हवाई वाहतुकीच्या नावाखाली अंदाजपत्रकात लपवला जात होता.

१२ मार्च १९२९ च्या ‘वेल्टब्यूने’त वाल्टर क्रायझर या विमानतज्ज्ञाचा एक लेख टोपणनावाने प्रसिद्ध झाला. विमान वाहतुकीसाठी म्हणून दिला जाणारा पैसा कोठे मुरतो, याची त्यात झाडाझडती होती. तीही बरीचशी लोकसभेच्या समितीत निघालेल्या माहितीवरून! शेवटी एक खोचक सूचना होती, की ही विमाने सदैव जर्मनीतच असतात असे नाही. एवढेच. पण ती सूचना नेमकी वर्मी बसली. सरकारने लेखक आणि संपादक दोघांवर देशद्रोहाचा व हेरगिरीचा खटला भरला.

तपास आणि टाळाटाळ यांत अडीच वर्षे गेली. १९३१ च्या नोव्हेंबरात लाइप्झिगच्या सर्वोच्च न्यायालयात बंद दाराआड सुनावणी झाली आणि २३ नोव्हेंबरला निकाल लागला : दोघांनाही दीड वर्षाचा कारावास. या निकालातली गंमत (गंमत म्हणणे जिवावर येते) अशी, की गुपित फोडले म्हणून शिक्षा द्यायची तर ते गुपित खरे होते हे मान्य करावेच लागते. म्हणजे तह मोडणारे निर्दोष आणि तह मोडला जात आहे असे सांगणारा देशद्रोही! सरकारचे कृत्य बेकायदेशीर असले, तरी ते जगापुढे आणणे नागरिकाच्या निष्ठेला धरून नाही, असा न्यायमूर्तींचा रोख होता. पुढे नाझींनी जे उघडपणे केले, त्याचे बीज मला येथे दिसते. फरक इतकाच, की हे न्यायासन नाझींचे नव्हते. ते प्रजासत्ताकाचे होते.

क्रायझर फ्रान्सला निघून गेला. ओसिएट्स्कीलाही जाता आले असते. मित्रांनी हरतऱ्हेने विनवले. आइन्स्टाइन, टॉमस मान यांच्यासारख्यांनी त्याची बाजू उचलून धरली, माफीच्या अर्जावर हजारो सह्या झाल्या. अध्यक्ष हिंडेनबुर्ग द्रवले नाहीत. १० मे १९३२ रोजी ओसिएट्स्की बर्लिनच्या टेगेल तुरुंगात स्वतःहून हजर झाला. लेखक-पत्रकार मित्रांचा मोठा जमाव त्याला दारापर्यंत पोहोचवायला गेला होता. नाटककार एर्न्स्ट टोलर त्यांत होता. आपण न्यायालयापुढे नमतो म्हणून आत जात नाही, तर बाहेर राहण्यापेक्षा आत राहून या सरकारला अधिक अडचणीचे ठरू, असे त्याचे म्हणणे होते. सीमेपलीकडे गेलेल्या माणसाचा आवाज हळूहळू पोकळ होतो, असेही त्याला वाटे.

वसतिगृहात यावर आमची रात्री बारापर्यंत जुंपली होती. माझा खोलीमित्र वाणिज्य शाखेचा. त्याच्या मते हा शुद्ध आत्मघात होता. जिवंत लेखक परदेशातून दहा वर्षे लिहू शकतो, मेलेला लिहीत नाही, हा त्याचा हिशेब. मला तेव्हा त्याला उत्तर देता आले नाही आणि खरे सांगायचे तर आजही नीटसे देता येत नाही. शिवाय थांबण्यामागे केवळ तत्त्व नव्हते. पत्नी आजारी, डोक्यावर कर्ज, लहान मुलगी रोझालिंडे. थोर माणसांच्या निर्णयांतही घरची दुखणी असतात.

त्याला देवपण द्यायचीही माझी इच्छा नाही. त्याचे अंदाज चुकले. नाझी पक्षाचा फुगा आपोआप फुटेल असे त्याला बराच काळ वाटत होते. त्याची लेखणी जितकी हिटलरवर चाले, तितकीच ती दुबळ्या, तडजोडी करणाऱ्या समाजवादी लोकशाहीवाद्यांवरही चाले. प्रजासत्ताक बुडत असताना त्याच्या मित्रांनीच त्याला इतके टाकून बोलावे काय, असा प्रश्न काही इतिहासकार विचारतात आणि तो गैर नाही. पण मला वाटते, ज्या प्रजासत्ताकाने त्याला देशद्रोही ठरवले, त्याच्याकडून मधुर शब्दांची अपेक्षा त्याच्याबाबतीत कशी करावी?

नाताळच्या सुमारास सर्वसाधारण माफी जाहीर झाली आणि २२ डिसेंबर १९३२ ला तो सुटला. पुरते सहा आठवडेही झाले नाहीत, तोच ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. २७ फेब्रुवारीच्या रात्री राइशटागची इमारत पेटली. त्याही रात्री मित्र त्याला घरी जाऊ नको म्हणून सांगत होते. तो गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी त्याला उचलले. या वेळी खटला नाही, कलम नाही, मुदत नाही.

आधी श्पांडाऊचा तुरुंग, मग झोनेनबुर्गची छळछावणी आणि १९३४ पासून एस्टरवेगेन. हॉलंडच्या सरहद्दीजवळचा तो दलदलीचा मुलूख. कैद्यांनी फावड्यांनी चर खणून तो कोरडा करायचा. चाळिशी ओलांडलेला, नाजूक प्रकृतीचा हा संपादक तेथे चिखलात उभा राहून मार खात होता. १९३५ च्या शरदात रेडक्रॉसच्या वतीने स्विस मुत्सद्दी बुर्कहार्ट यांनी छावणीला भेट दिली आणि हट्टाने त्याची गाठ घेतली. त्यांच्या आठवणींतला ओसिएट्स्की म्हणजे थरथरणारा, पांढराफटक, एक डोळा सुजलेला, दात तुटलेला, वाईट जुळलेला पाय ओढत चालणारा एक जीव आहे.

आणखी एक गोष्ट आम्हां महाविद्यालयीन मंडळींना वगळून चालणार नाही. १० मे १९३३ रोजी, म्हणजे तो टेगेलला गेला त्याला बरोबर एक वर्ष होत होते त्या दिवशी, बर्लिनच्या ऑपेरा चौकात आणि इतर विद्यापीठ-नगरांत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. बर्लिनच्या होळीपाशी ज्यांची नावे मोठ्याने पुकारली गेली, त्यांत टुखोल्स्की आणि ओसिएट्स्की ही नावे होती. ही होळी पोलिसांनी किंवा शिपायांनी पेटवली नव्हती. विद्यार्थी संघटनांनी ती योजली होती आणि काही प्राध्यापक झगे घालून हजर होते. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो.

परदेशात परागंदा झालेल्या मित्रांनी एक वेगळीच युक्ती काढली : या कैद्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवून द्यायचे, म्हणजे हिटलरला त्याला गुपचूप मारता येणार नाही. नॉर्वेत या खटपटीत एक वीस-बावीस वर्षांचा निर्वासित जर्मन तरुण होता. विली ब्रांट हे त्याचे नाव, पुढे पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झालेला. उलट नोबेलविजेता नॉर्वेजियन कादंबरीकार क्नूट हाम्सुन याने वृत्तपत्रात लिहून या असहाय कैद्यावर तोंडसुख घेतले. स्वीडनमध्ये एकाकी पडलेला टुखोल्स्की त्याने व्यथित झाला. १९३५ च्या डिसेंबरात तोही गेला. त्या वर्षी समितीने पारितोषिक राखून ठेवले. नॉर्वे लहान देश, जर्मनी बलाढ्य शेजारी; भीती कळण्यासारखी होती.

पण जगाचे डोळे लागले होते, ऑलिंपिक सामने बर्लिनला भरायचे होते. १९३६ च्या मे महिन्यात त्याला बर्लिनच्या रुग्णालयात हलवण्यात आले. क्षयाने फुप्फुसे पोखरली होती. खुद्द गोअरिंगने त्याला बोलावून पारितोषिक नाकारण्यासाठी गळ घातली. हा गोअरिंग म्हणजे त्याच विमानदलाचा सेनापती, ज्याचा सुगावा लागू दिला म्हणून ओसिएट्स्की देशद्रोही ठरला होता! १९३५ च्या मार्चमध्ये नाझी सरकारने ते विमानदल जगापुढे अभिमानाने जाहीर केले होते. १९३१ चे गुपित १९३५ मध्ये राष्ट्राचे भूषण झाले होते. मरणपंथाला लागलेल्या कैद्याने नकार द्यायला नकार दिला.

२३ नोव्हेंबर १९३६ रोजी १९३५ चे शांतता पारितोषिक त्याला देण्याचा निर्णय झाला. लाइप्झिगच्या निकालाला त्या दिवशी पाच वर्षे पूर्ण होत होती. नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री आणि एक माजी पंतप्रधान आधीच समितीतून बाजूला झाले होते. राजा समारंभाला आला नाही. जर्मन सरकार जगाला सांगत राहिले की ओसिएट्स्की मोकळा आहे, आणि पासपोर्ट मात्र त्याला दिला नाही. १९३७ च्या जानेवारीत हिटलरने यापुढे कोणाही जर्मनाने नोबेल पारितोषिक घेऊ नये असा हुकूम काढला. पारितोषिकाची रक्कम बर्लिनला पोहोचली, तर तिच्यावर ज्या वकिलाने हात मारला तो मदतनीस म्हणूनच पुढे आला होता.

२६ एप्रिल १९३७ ला गोअरिंगच्या वैमानिकांनी स्पेनमधले गेर्निका गाव बाँबने उद्ध्वस्त केले. तेव्हा ओसिएट्स्की बर्लिनच्या एका आरोग्यधामात पोलिसांच्या पहाऱ्यात पडून होता. १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया गिळला गेला. ४ मे १९३८ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला. म्यूनिक करार त्याला पाहावा लागला नाही; १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे पोलंडवर कोसळलेली विमानेही नाही.

पश्चिम जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग येथे १९७० नंतरच्या दशकात नवे विद्यापीठ निघाले. एस्टरवेगेनची दलदल तेथून फार लांब नाही. विद्यापीठाला ओसिएट्स्कीचे नाव द्यावे म्हणून तेथल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी आग्रह धरला. सरकारने नकार दिला. वाद वर्षानुवर्षे चालला आणि १९९१ मध्ये नाव अधिकृत झाले. त्याच सुमारास वृद्ध झालेल्या रोझालिंडेने वडिलांचा खटला पुन्हा चालवावा म्हणून अर्ज केला होता. डिसेंबर १९९२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. फेरसुनावणीसाठी कायद्याला लागणारा नवा पुरावा पुढे आलेला नाही, असे ठरले, आणि १९३१ चा निकाल होता तसाच राहिला.