दानशूर व्यापारी डेव्हिड ससून



गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने तुम्ही कधी पुण्याला गेला असाल, तर स्टेशनजवळचे ससून रुग्णालय तुम्ही पाहिले असेल. १९२४ साली महात्मा गांधींवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली ती याच रुग्णालयात. पण हे ससून कोण, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. कोणी इंग्रज साहेब असावा अशी समजूत आढळते. वास्तविक ते बगदादचे यहुदी होते व त्यांच्या घरची बोली अरबी होती.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादला झाला. वडील शेख ससून हे तेथील यहुदी समाजाचे प्रमुख आणि पाशांचे खजिनदार. पुढे दाऊद पाशाच्या कारकीर्दीत घराण्यावर संकट ओढवले आणि डेव्हिड यांना जन्मगाव सोडावे लागले. इराणच्या बुशहर बंदरात काही काळ काढून १८३२च्या सुमारास ते कुटुंबासह मुंबईस आले. वय चाळीस, मुलूख परका, भाषा परकी. या वयात आपल्यापैकी किती जण नव्याने सुरुवात करतील, याचा विचार करून पाहा!

कापूस, कापड आदी मालाच्या व्यापारात त्यांनी थोड्याच वर्षांत जम बसविला. आठ मुलगे होते. ते मोठे होतील तसतसे पेढीच्या कामाला लागले. दुसऱ्या मुलाला, इलियास यांना, १८४४ साली चीनला पाठविले. पेढीचा पत्रव्यवहार अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत चाले. १८५३ साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हा सहीदेखील त्यांनी हिब्रू अक्षरांतच केली. पोषाख त्यांनी अखेरपर्यंत बगदादी ठेवला.

यहुदी धर्मात दानाला ‘त्सदाका’ म्हणतात. आपला ‘सदका’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. मिळकतीचा दहावा हिस्सा दानासाठी काढण्याची त्यांच्यात जुनी परंपरा आहे. आपल्याकडील जुन्या व्यापाऱ्यांच्या वहीत धर्मादाय खाते असे, तसे ससून पेढीतही व्यवहारामागे ठराविक अंश धर्मादायासाठी बाजूला पडत असे. वर्षाअखेरीस उरेल त्यातून द्यायचे, असा तो प्रकार नव्हता.

पहिला घास अर्थातच आपल्या माणसांना मिळाला. बगदादहून येणाऱ्या यहुदी कुटुंबांना पेढीत काम मिळे, मुलांसाठी शाळा निघाली, भायखळ्याला १८६१ साली मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर उभे राहिले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. किरकोळ चोरीत सापडलेली पोरे तुरुंगात सराईत गुन्हेगारांच्या संगतीत कायमची बिघडत. अशा मुलांना हातात एखादा धंदा द्यावा, यासाठी मुंबईत १८५७ साली त्यांच्या देणगीतून सुधारगृह उभे राहिले. तेथे मुलाची जात किंवा धर्म विचारला जात नसे. पुण्यात वृद्ध व अपंग निराधारांसाठी आश्रम निघाला. तो ‘निवारा’ या नावाने आजही चालू आहे. मुंबईच्या ग्रंथालयासाठी ६०,००० रुपये दिले गेले आणि १८७० साली इमारत पुरी झाली. पुण्याच्या रुग्णालयाची कोनशिला १८६३ साली बसली. १८६७ साली ते १४४ रुग्णांच्या सोयीसह सुरू झाले, पण ते पाहायला ससून नव्हते. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले होते. ‘लाल देऊळ’ म्हणून पुणेकर ओळखतात त्या प्रार्थनामंदिराच्या आवारात त्यांची कबर आहे.

आता दोन गोष्टी अशा, की ज्या गौरवाच्या लेखात सहसा लिहीत नाहीत. माळव्याची अफू चीनला जात असे व त्या व्यापारात ससून पेढीचा मोठा वाटा होता. ब्रिटिश कायद्याने तो धंदा तेव्हा मना नव्हता. तरीही त्यात चीनमधली असंख्य घरे बसली, आणि रुग्णालयाच्या दगडांनी ते झाकता येत नाही.

दुसरी गोष्ट कबरस्तानाची. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल हेही यहुदीच. पण बगदादी मंडळी त्यांना आपल्या बरोबरीचे मानीत नसत. १८३६ साली मुंबईच्या यहुदी कबरस्तानात दोघांच्या मध्ये भिंत घालावी अशी मागणी झाली, आणि मागणाऱ्यांत डेव्हिड ससून पुढे होते. जो माणूस परक्यांच्या मुलांसाठी थैली मोकळी करतो, त्याला स्वतःच्या धर्मबांधवांच्या कबरी वेगळ्या हव्या होत्या! बिरादरीचा अभिमान कोठवर नेतो, हे आपल्यालाही ऐकून माहीत नाही असे नाही.

बेने इस्रायलांनी मग आपली वाट काढली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी सहकाऱ्यांसह १८७५ साली मुंबईत शाळा काढली. आपल्यासारख्या शिक्षणसंस्था जशा चालतात तशीच ती लहानमोठ्या वर्गण्यांवर उभी राहिली. पुढे तिला मोठी देणगी दिली ती सर एली कदूरी यांनी, आणि हे कदूरी बगदादी यहुदीच. ससून घराण्याच्या पेढीत कारकुनी करून वर आलेले. माझगावची ती शाळा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

१९४८ नंतर बहुतेक यहुदी कुटुंबे इस्रायलला गेली. शाळा मात्र राहिल्या. डेव्हिड यांचे नातू सर जेकब ससून यांच्या नावाचे भायखळ्याचे हायस्कूल १९०३ साली यहुदी मुलांसाठी निघाले होते. आज त्या वर्गांत बसणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत.