आम्लाला नवी व्याख्या देणारे लुईस

रसायनशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळायला हवे होते पण मिळाले नाही, अशा शास्त्रज्ञांमध्ये गिल्बर्ट न्यूटन लुईस यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. तब्बल ४१ वेळा त्यांच्या नावाची शिफारस झाली; मात्र दरवेळी पारितोषिकाने त्यांना हुलकावणी दिली. तरीही 'लुईस आम्ल' हा शब्द उच्चारल्याशिवाय आज रसायनशास्त्राचा अभ्यास पूर्ण होत नाही.

लुईस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. बालपण नेब्रास्कात गेले आणि प्रारंभीचे शिक्षण घरीच झाले. १८९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी जर्मनीत ऑस्टवाल्ड व नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळांत काम केले. पुढे फिलिपिन्समधील मनिला येथे वजनमापे खात्याचे प्रमुखपद आणि एमआयटीतील अध्यापन असा प्रवास करून १९१२ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संकुलात दाखल झाले व अखेरपर्यंत तेथेच रमले.

दोन अणू एकमेकांना कसे बांधले जातात, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी १९१६ मध्ये दिले. दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांच्या जोडीत भागीदारी केली की बंध तयार होतो, हे ते उत्तर. इलेक्ट्रॉन टिंबांनी दाखवण्याची त्यांची पद्धत आजही शाळेत शिकवली जाते.

याच विचारातून आम्लाची नवी व्याख्या जन्मली. तोवर आम्ल म्हणजे हायड्रोजन आयन देणारा पदार्थ, असे मानले जाई. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी मांडलेली व्याख्याही हायड्रोजनभोवतीच फिरत होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लुईस यांनी ही चौकट मोडली. इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारतो तो आम्ल, देतो तो आम्लारी, अशी व्याख्या त्यांनी केली. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये हायड्रोजन नावालाही नाही; पण अमोनियाकडील इलेक्ट्रॉनांची जोडी ते स्वीकारते. म्हणून ते आम्लच!

या व्याख्येने एका जुन्या कोड्याचाही उलगडा झाला. १८७७ मध्ये फ्रीडेल व क्राफ्ट्स यांनी ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून बेंझिनला कार्बनची शृंखला जोडली होती. ही क्रिया उद्योगांना वरदान ठरली. ॲल्युमिनियम क्लोराइड हे क्लोरीनची इलेक्ट्रॉन जोडी आपल्याकडे खेचते, कार्बन-क्लोरीन बंध सैल होतो आणि इलेक्ट्रॉनांचा भुकेला झालेला कार्बन बेंझिनला जाऊन भिडतो. काम संपताच ॲल्युमिनियम क्लोराइड पुन्हा मोकळे होते. उत्प्रेरक म्हणतात तो हाच.

एवढी मोलाची कल्पना सुमारे पंधरा वर्षे दुर्लक्षित राहिली. १९३८ मध्ये लुईस पुन्हा तिच्याकडे वळले. ग्लेन सीबोर्ग हे तरुण संशोधक तेव्हा त्यांचे साहाय्यक होते. हायड्रोक्लोरिक आम्लाने निर्देशकाचा जो रंगबदल होतो, तोच हायड्रोजनविरहित बोरॉन ट्रायक्लोराइडनेही होतो, हे प्रयोगाने दिसून आले आणि व्याख्येला जगाची मान्यता मिळू लागली.

प्रकाशकणांसाठी 'फोटॉन' हा शब्द रूढ झाला तो लुईस यांच्यामुळे. शुद्ध जड पाणी प्रथम त्यांनीच १९३३ मध्ये वेगळे केले. मात्र जड हायड्रोजनच्या शोधाचे नोबेल १९३४ मध्ये त्यांचे विद्यार्थी हॅरॉल्ड युरी यांना मिळाले. सीबोर्ग यांनाही १९५१ मध्ये तो मान लाभला.

२३ मार्च १९४६ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी, बर्कलेच्या प्रयोगशाळेत प्रयोग सुरू असतानाच लुईस यांचे निधन झाले. खनिज तेलाच्या शुद्धीकरणातील झिओलाइट उत्प्रेरकांचे कार्य समजून घेताना आज त्यांचीच व्याख्या कामी येते. आपल्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड विरघळवणाऱ्या विकरातील जस्ताचा आयनही लुईस आम्लच आहे. पारितोषिक हुकले, पण माणसाच्या प्रत्येक श्वासात लुईस यांचे रसायन अव्याहत सुरू आहे.