ध्रुवीय प्रकाशाचा उपासक

नॉर्वे देशाच्या उत्तर भागात हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. त्या दीर्घ रात्री आकाशात हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे पडदे लहरू लागतात. ह्या ध्रुवीय प्रकाशाचे मूळ शोधण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, तो शास्त्रज्ञ म्हणजे क्रिस्तियान बिर्कलंड.

त्याचा जन्म १८६७ साली नॉर्वेच्या राजधानीत झाला. पुढे तेथील विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. परंतु प्रयोगशाळेच्या उबेत तो रमला नाही. १८९९ साली हाल्दे पर्वताच्या माथ्यावर त्याने वेधशाळा उभारली. तेथील वादळे भयंकर होती. त्या हिवाळ्यात हिमाचा कडा कोसळून एक तरुण सहकारी मृत्युमुखी पडला. तरीही वेध घेण्याचे काम चालूच राहिले. ध्रुवीय प्रकाश भडकला की चुंबकसूची थरथरते, असे त्यांत आढळून आले. त्यावरून बिर्कलंडने ताडले, की आकाशात उंचावर प्रचंड विद्युत्प्रवाह वाहत असले पाहिजेत.

मग त्याने एक लहानशी पृथ्वीच घडविली. धातूच्या गोळ्यात विद्युत्चुंबक बसविला, गोळा निर्वात पेटीत ठेवला आणि त्यावर विद्युत्कणांचा झोत सोडला. तोच गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उजळली! सूर्यापासून विद्युत्कण सतत वाहत येतात, असे त्याने प्रतिपादन केले. ब्रिटनमधील अनेक नामवंत शास्त्रज्ञांना ते पटले नाही. अवकाश रिकामे आहे, अशीच तेव्हा समजूत होती. १९१७ साली टोकियो येथे बिर्कलंडचे निधन झाले. त्याचे म्हणणे मात्र उपेक्षितच राहिले.

पुढे मानवाने अवकाशात याने धाडली. १९६२ साली मरिनर-२ ह्या यानाला सूर्याकडून अखंड येणारा कणांचा प्रवाह आढळला. त्यालाच सौरवात म्हणतात. ओढ्यातील धोंड्याला पाणी जसे वळसा घालून जाते, तसा सौरवात पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला वळसा घालतो. सूर्याकडील बाजूस तो ह्या क्षेत्राची सीमा सुमारे ६५,००० किलोमीटरपर्यंत दाबून धरतो. सौरवाताचा जोर वाढला की ती आणखी आत सरकते. विरुद्ध बाजूस हेच क्षेत्र ताणले जाऊन त्याचे शेपूट चंद्राच्याही पलीकडे पसरते. सौरवाताची थोडी शक्ती आत शिरते. तिने वेगावलेले कण ध्रुवांजवळच्या हवेवर आदळतात आणि आकाश उजळते.

बिर्कलंडच्या सर्वच कल्पना बरोबर ठरल्या नाहीत. परंतु अवकाश रिकामे नाही, हे त्याने ओळखले होते. १९९४ साली नॉर्वेने आपल्या २०० क्रोनरच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. ज्या सत्यासाठी तो हिमवादळात उभा राहिला, ते जगाला पटले होते. ते पाहण्यास तो मात्र उरला नव्हता.