विश्लेषण : एकेकाची तक्रार सर्वांची मागणी कशी झाली? गिरणी कामगारांचे नारायण मेघाजी लोखंडे

गोंदियातील भात गिरणी असो वा मुंबईतील कापड कारखाना, आठवड्याची सुट्टी आज गृहीत धरली जाते. पण तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे आणि हजारो गिरणी कामगारांची सहा वर्षांची लढाई आहे.

कोण होते लोखंडे?

१८४८ मध्ये ठाण्यात जन्म. रेल्वे आणि टपाल खात्यातील नोकरीनंतर ते मुंबईतील मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले. महात्मा फुले यांचे ते सहकारी होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ वृत्तपत्र चालवले.

अडचण नेमकी काय होती?

एकाला थकव्याने ग्रासले होते, दुसऱ्याचा पगार रखडला होता, तिसऱ्याचा हात यंत्रात सापडला होता. वरवर पाहता ही प्रत्येकाची वेगळी रड. मात्र, १८८१ च्या कारखाना कायद्यात कामाच्या तासांचे संरक्षण फक्त मुलांना होते. प्रौढांच्या तासांवर, सुट्टीवर कोणतेच बंधन नव्हते. दुखण्याचे मूळ इथे होते.

कामगारांनी मिळून काय केले?

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखाना आयोग नेमला. त्या सप्टेंबरमध्ये लोखंडे यांनी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या. विखुरलेल्या तक्रारींतून पाच मागण्या ठरल्या :

- रविवारी सुट्टी
- दुपारी अर्धा तास विश्रांती
- काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त
- पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत
- अपघातात जखमी झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन, कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय

निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या.

यश कधी आले?

लगेच नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानेही ती स्वीकारली.

मर्यादा कोणत्या?

या चळवळीतून उभ्या राहिलेल्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनकडे ना नियमित वर्गणी होती, ना सभासदांची नोंदवही. संघटनेचा डोलारा बराचसा लोखंडे यांच्यावरच उभा होता. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना त्यांना संसर्ग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?

कामावर अपघात झाला, की चूक कुणाची, हे आधी शोधले जाते. लोखंडे यांनी सर्वांना एकत्र बसवून सगळ्यांच्या त्रासात समान काय आहे, हे शोधले. म्हणूनच मागणी एखाद्या मुकादमाला हटवण्याची झाली नाही. ती नियम बदलण्याची झाली.