वाल्डेमार हाफकिन: आधी स्वतःला सुई

पोलिओच्या थेंबांच्या छोट्या बाटलीवर ‘हाफकिन’ हा शब्द तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. बऱ्याच जणांना ते औषधाचं नाव वाटतं. ते एका माणसाचं आडनाव आहे. हा माणूस ना मराठी, ना भारतीय, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरही नाही. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. तरीही मुंबईच्या प्लेगचा इतिहास त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

मी नार्नूरची. आदिलाबाद जिल्ह्यातला हा सीमेजवळचा भाग. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी, बाजारात गोंडी आणि बंजारा बोली कानावर. इथल्या गुड्यांवर आणि तांड्यांवर बाळांना लस द्यायला नर्सबाई बर्फाची पेटी खांद्याला लावून जातात. पावसाळ्यात ओढे भरले की हे जाणं सोपं नसतं. पण ओढ्यापेक्षाही अवघड असतो तो घराचा उंबरा. आत बाळाला कुशीत घेऊन बसलेली आई विचारते, सुई दिली की पोराला ताप येतो, मग द्यायची कशाला? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी हाफकिन यांच्या चरित्रापाशी आले.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेचनिकोव्ह यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ शिक्षक म्हणून लाभले. त्या काळात ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी हाफकिन उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. मेचनिकोव्ह यांनी खटपट केली म्हणून ते सुटले. पुढे विद्यापीठात शिकवण्याची संधी होती, पण अट अशी की आधी ख्रिस्ती व्हायचं. त्यांनी नकार दिला. मी स्वतः कॅथलिक, ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात शिकते, म्हणून चरित्रातला हा भाग मला जास्त टोचला. धर्म नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद झाला की दोघांचीही किंमत उतरते.

१८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. सुरुवातीला काम मिळालं ग्रंथालयातलं. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असं करत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण पुढे काही अपाय झाला नाही. नंतर त्यांच्या मित्रांनी घेतली. लस तर झाली, पण ती खरोखर वाचवते का, हे जिथे कॉलरा आहे तिथेच कळणार होतं. म्हणून १८९३ मध्ये ते भारतात आले.

कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये लोकांचा विश्वास बसेना. बसावा तरी का? सरकारी माणूस, परकी भाषा, हातात सुई. मग त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांनी, त्यात बंगाली डॉक्टरही होते, लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेतलं. हळूहळू लोक पुढे आले. १८९४ मध्ये अशाच एका बस्तीत कॉलरा पुन्हा आला, तेव्हा तो लस न घेतलेल्यांनाच झाला. शेजाऱ्यांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मला वाटतं, कुठल्याही भाषणापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला असेल. दोन-अडीच वर्षांत हाफकिन आणि त्यांचे सहकारी आग्र्यापासून आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत फिरले आणि चाळीस हजारांवर लोकांना लस दिली. शेवटी मलेरियाने त्यांना युरोपला परतायला लावलं. बरे झाले आणि पुन्हा आले.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना प्रयोगशाळा म्हणून मिळाली एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. काम इतकं अंगावर येणारं की मदतनीस टिकेनात. तरी तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही इतरांना पुढे दिली त्यापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत. मग कॉलेजमधल्या माणसांनी घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली गेली.

याच दिवसांत पुण्यात काय चाललं होतं ते आपण शाळेत शिकलो आहोत. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. रँडचे सोल्जर घराघरात घुसून झडत्या घेत होते. त्या संतापातून २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. म्हणजे बघा, रोग एकच, सरकारही एकच. हाफकिन यांची लस मात्र ज्याला हवी त्याने घ्यायची होती. मुंबईत आगाखानांनी ती लोकांसमोर घेतली, एकदा नाही, अनेकदा. ते तेव्हा जेमतेम विशीतले होते. त्यांच्या मागोमाग हजारो खोजा कुटुंबं पुढे आली. आपला माणूस घेतो आहे, हे दिसायला हवं असतं. आमच्याकडे आजही आशाताई तांड्यावर गेल्या की आधी ओळखीच्या घरी बसतात, चहा घेतात, ज्या घरातल्या बाळाने लस घेतली आहे त्या बाईला सोबत घेतात आणि मगच पुढच्या दारात जातात. त्यांनी आगाखानांची गोष्ट ऐकलेली नसेल, पण रीत तीच आहे.

१८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंडेरा गावात प्लेग आला होता. तिथे हाफकिन यांनी घराघरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. लस घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि २६ दगावले. लस उपयोगी आहे, याचा यापेक्षा सरळ पुरावा मागायला नको. पण हे आकडे वाचताना मी थांबले. एकाच चुलीवर जेवणारी माणसं, एकाला लस आणि दुसऱ्याला नाही. आज आपल्याला जे ठामपणे माहीत आहे, त्याची किंमत त्या २६ जणांनी दिली.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. खोली आणि व्हरांड्यापासून इथवर यायला तीन वर्षंही लागली नाहीत. आणि मग मुल्कोवाल घडलं.

मुल्कोवाल हे पंजाबातलं गाव, आज पाकिस्तानात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. सरकारने बोट दाखवलं परळकडे. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याची पद्धत बदलली होती, त्यामुळे दोष तिथेच, असं ठरवून त्यांना कामावरून दूर केलं. पुढे साक्षीत आलं ते वेगळंच होतं. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळचं आपलं काम त्यांना परत मिळालं नाही.

हा अन्याय होता, यात शंका नाही. पण मला मुल्कोवालमधली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. लस परळला चांगली होती. ती बिघडली शेवटच्या हातभर अंतरात, बाटली आणि दंड यांच्यामध्ये. शेकडो मैलांवरून नीट आलेलं औषध एका चिमट्याने विष झालं. म्हणून नार्नूरच्या वाटेवर बर्फाची पेटी सांभाळणाऱ्या बाईचं काम मला लहान वाटत नाही. आणि दारातल्या आईची भीती मला अडाणीपणा वाटत नाही. मुल्कोवालच्या आयांनाही कुणीतरी काही होणार नाही असंच सांगितलं असेल. भीतीवर हसून ती जात नाही. ताप का येतो, किती दिवस राहतो, जास्त वाटलं तर कुणाला बोलवायचं, हे तिच्या भाषेत सांगायला लागतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बाळ कसं आहे ते विचारायला लागतं.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं. ते तोवर युरोपला परतले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले. शेवटच्या काळात त्यांनी आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. ज्या धर्मासाठी त्यांनी नोकरी सोडली होती, त्याच्याशी ते शेवटपर्यंत बांधलेले राहिले.

परळहून पोलिओचे थेंब पुढे देशभर गेले. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्याहून लहान असलेल्या नार्नूरच्या मुलांना तो आजार दिसतो कसा, हेही माहीत नाही. ही मुलं अशी वाढली, कारण कुणीतरी पेटी घेऊन ओढा ओलांडला आणि कुणीतरी विश्वास ठेवून बाळाला पुढे केलं.