डाइक्स्ट्रा : शॉर्टेस्ट पाथच्या पलीकडे

डिजकस्ट्रा, डायजेस्ट्रा, डिक्स्ट्रा... ओरलच्या दिवशी या नावाचे जेवढे हाल होतात, तेवढे दुसऱ्या कुठल्याच नावाचे होत नसतील. खरा उच्चार साधारण 'डाइक्स्ट्रा' असा आहे. पण नावाचं सोडा. आपल्याला हा माणूस माहीत असतो तो शॉर्टेस्ट पाथपुरता. आकृती काढा, टेबल भरा, मार्क घ्या, विषय संपला! गंमत म्हणजे तो अल्गोरिदम त्यांना सुचला तो जेमतेम वीस मिनिटांत. त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षं गेली ती एका वेगळ्याच प्रश्नात. एकाच वेळी चालणारे अनेक प्रोग्राम्स बरोबर चालतील, याची खात्री द्यायची कशी?

एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. मुलाच्या मनात मात्र कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचं प्रतिनिधित्व करायचं होतं. पण विज्ञानात मार्कच इतके चांगले पडले, की गाडी लायडन विद्यापीठात थिअरॉटिकल फिजिक्सकडे वळली. १९५१ साली ते इंग्लंडमध्ये केंब्रिजला प्रोग्रामिंगचा तीन आठवड्यांचा कोर्स करून आले आणि १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये पार्टटाइम प्रोग्रामर म्हणून लागले. फिजिक्स की प्रोग्रामिंग, हा घोळ पुढे तीन वर्षं चालला. प्रोग्रामिंगला तेव्हा कोणी शास्त्र मानतच नव्हतं. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीच्या फॉर्मवर त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रामर' असा लिहिला, तर कचेरीने तो मान्यच केला नाही. असा धंदा अस्तित्वातच नाही म्हणे! शेवटी 'थिअरॉटिकल फिजिसिस्ट' असं लिहावं लागलं.

तो वीस मिनिटांचा किस्सा १९५६ चा. आर्मॅक या नव्या कॉम्प्युटरच्या उद्घाटनाला लोकांना समजेल असं काहीतरी दाखवायचं होतं. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर ते एका कॅफेत कॉफी पीत बसले आणि तिथेच, कागद-पेन्सिल न घेता, अल्गोरिदम तयार झाला. तो छापून आला १९५९ साली.

खरी कहाणी सुरू होते ती इंटरप्टपासून. मॅथेमॅटिकल सेंटरच्या मंडळींनी एक्स-१ नावाचं यंत्र डिझाइन केलं. त्यात अशी सोय होती, की प्रिंटरसारखं बाहेरचं उपकरण चालू प्रोग्रामला मध्येच थांबवू शकेल. डाइक्स्ट्रा या कल्पनेला चक्क घाबरले आणि बराच काळ त्यांनी होकारच दिला नाही. भीतीचं कारण साधं होतं. तोपर्यंत प्रोग्राम चुकला, की तोच इनपुट देऊन तीच चूक पुन्हा बघता यायची. इंटरप्ट आला की प्रोग्राम नेमका कुठे थांबेल हे कोणाच्याच हातात राहत नाही. आज दिसलेली चूक उद्या दिसेलच असं नाही. मग ती शोधायची कुठे? शेवटी ते तयार झाले, एक्स-१ साठी इंटरप्ट सांभाळणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यावरच १९५९ साली डॉक्टरेट मिळवली. भीती मात्र गेली नाही. ती त्यांनी आयुष्यभर कामाला लावली.

ही भीती किती खरी होती ते बघा. रिझर्व्हेशनच्या दोन खिडक्या आहेत आणि गाडीत एकच बर्थ शिल्लक आहे. पहिली खिडकी बघते : बर्थ आहे. तिने नोंद करण्याआधी दुसरी बघते : बर्थ आहे. दोघी तिकीट देतात. दोन्ही खिडक्यांचा प्रोग्राम वेगवेगळा तपासला तर अगदी बरोबर! चूक आहे ती दोघांच्या पावलांच्या क्रमात. आता प्रत्येकी फक्त १० पावलांचे दोन प्रोग्राम्स घ्या. त्यांची पावलं एकमेकांत मिसळण्याचे प्रकार होतात १,८४,७५६. टेस्टिंगमध्ये त्यातले शंभर-दोनशे प्रकार घडतील. उरलेल्यांची हमी कोण देणार?

डाइक्स्ट्रांचं उत्तर होतं : विचार. म्हणजे पुरावा, गणितात देतो तसा. १९६२ साली ते आइंडहोवनला गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी रेल्वेच्या सिग्नलवरून नाव घेऊन सेमाफोर ही कल्पना मांडली. आपल्या पुस्तकातली पी आणि व्ही ही अक्षरं डच शब्दांवरून आलेली आहेत, म्हणूनच ती इंग्रजीत कशाशीच जुळत नाहीत. १९६५ साली त्यांनी एका छोट्याशा पेपरात म्युच्युअल एक्सक्लूजनचा प्रश्न कितीही प्रोसेसेससाठी सोडवून दाखवला, आणि सोबत तो बरोबर का आहे याचा पुरावाही दिला. याआधी फक्त दोन प्रोसेसेससाठीचं उत्तर ठाऊक होतं, ते डेकर या गणितज्ञाचं.

पुढच्याच वर्षी काय झालं ते तर आपल्यासाठी फारच बोधप्रद आहे. त्याच नियतकालिकात एका वाचकाने दोन प्रोसेसेससाठी आणखी सोपं उत्तर छापून आणलं. वाचायला सुटसुटीत, पण चूक! विशिष्ट क्रमाने पावलं पडली तर दोन्ही प्रोसेसेस एकदमच क्रिटिकल सेक्शनमध्ये शिरत. डोनाल्ड क्नूथ यांनी १९६६ मध्येच ते दाखवून दिलं. आणि त्याच पत्रात हेही सांगितलं, की डाइक्स्ट्रांच्या उत्तरात दोघे एकदम आत जात नाहीत हे खरं, पण एखादा बिचारा कायमचा दाराशी ताटकळत राहू शकतो. म्हणजे दोन वेगवेगळी वचनं झाली : वाईट काही घडणार नाही, आणि चांगलं कधीतरी घडेलच. व्हेरिफिकेशनच्या आजच्या अभ्यासात ही दोन वचनं पायाभूत आहेत.

आइंडहोवनला मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी टीएचई नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. एकावर एक थर रचायचे, खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. १९६८ साली त्यांनी कळवलं, की तपासणीत निघालेल्या चुका फक्त किरकोळ कोडिंगच्या होत्या. पाच कॉम्प्युटर्स टेप ड्राइव्हसाठी भांडतात, हा परीक्षेतला प्रश्नही त्यांचाच. टोनी होअर यांनी त्याला जेवायला बसलेल्या तत्त्वज्ञांचं रूप दिलं आणि तो जगभर पोचला.

१९७२ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७३ पासून बरोज कंपनीचे रिसर्च फेलो म्हणून ते न्यूनेन गावातल्या घरूनच काम करू लागले. १९७४ साली दोनच पानांचा एक पेपर आला. तो असा : पाच यंत्रं गोलाकार बसली आहेत, प्रत्येकाकडे ० ते ४ मधला एक आकडा आहे आणि प्रत्येकाला फक्त डाव्या शेजाऱ्याचा आकडा दिसतो. ज्याला हालचाल करण्याचा हक्क, त्याच्याकडे टोकन आहे असं समजायचं. पहिल्या यंत्राचा नियम : शेजाऱ्याचा आकडा माझ्याएवढाच असेल, तर माझा एकाने वाढवायचा (४ नंतर पुन्हा ०). बाकीच्यांचा नियम : शेजाऱ्याचा आकडा वेगळा असेल, तर त्याची कॉपी मारायची. सगळीकडे ३ असेल तर हक्क फक्त पहिल्याला. तो ४ करतो, मग हक्क दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. टोकन फिरत राहतं.

आता समजा बिघाड झाला आणि आकडे २, ४, १, ०, ३ असे विस्कटले. एकदम चार टोकनं झाली! तरी काही करायची गरज नाही. बाकीचे चौघे फक्त कॉपी मारतात, नवा आकडा आणतो तो फक्त पहिला. चौघांकडे जास्तीत जास्त चार वेगळे आकडे, आणि उपलब्ध आहेत पाच. म्हणजे वाढवता वाढवता पहिला कधीतरी असा आकडा गाठतोच, जो दुसऱ्या कोणाकडे नाही. तो आकडा एकेक करत सगळ्यांकडे पोचेपर्यंत पहिला पुन्हा हलत नाही. सगळे सारखे झाले, की टोकन एकच उरतं. वरून कोणी रीसेट केलं नाही, कोणाला सगळी परिस्थिती माहीतही नव्हती. तरी गाडी आपोआप रुळावर! यालाच सेल्फ-स्टॅबिलायझेशन म्हणतात. या पेपराकडे जवळजवळ दहा वर्षं फारसं कोणी बघितलं नाही. १९८३ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेत त्याची मनापासून वाखाणणी केली, तेव्हा कुठे लोक जागे झाले.

मग पुराव्याने सगळं सुटलं का? नाही. प्रोग्राम चालू असतानाच मेमरीतला कचरा गोळा करण्याचा अल्गोरिदम डाइक्स्ट्रा, लॅम्पोर्ट आणि आणखी तिघांनी मिळून तयार केला. तो १९७८ साली छापला. पण त्याआधीच्या एका मसुद्यात गंभीर चूक निघाली होती. एवढी मोठी माणसं, तरीही! लॅम्पोर्ट यांनी त्यातून धडा घेतला : घटनांच्या गोष्टी रंगवून पटवून घेणं धोक्याचं आहे, प्रत्येक पावलानंतर खरंच राहील असं विधान, म्हणजे इनव्हेरियंट, शोधायला हवं.

इथून वाट थोडी वेगळी झाली. डाइक्स्ट्रांचा ओढा माणसाने प्रोग्राम आणि पुरावा हातात हात घालून लिहिण्याकडे होता. यंत्राने मागाहून तपासावं, हे त्यांना फारसं रुचणारं नव्हतं. जगाने दोन्ही घेतलं. त्यांनी १९७५ साली मांडलेल्या गार्डेड कमांड्सची छाप स्पिन या मॉडेल चेकरच्या भाषेवर स्पष्ट दिसते. सिस्टिमचं मॉडेल लिहायचं आणि शक्य त्या सगळ्या अवस्था यंत्राकडून तपासून घ्यायच्या, ही ती पद्धत. लॅम्पोर्ट यांच्या टीएलए प्लस या भाषेने ॲमेझॉनच्या इंजिनिअर्सना डायनॅमोडीबीच्या डिझाइनमधली अशी चूक सापडली, की ती घडायला किमान ३५ पावलं ठरावीक क्रमाने पडावी लागत. हे त्यांनी २०१५ साली जाहीर केलं. टेस्टिंग करून ही चूक कधी सापडली असती, सांगा बघू!

माणूस म्हणून डाइक्स्ट्रा तिखट होते. पटलं नाही की तोंडावर सांगत, त्यामुळे त्यांना गर्विष्ठ म्हणणारेही बरेच होते. १९८४ ते १९९९ ते टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला शिकवत होते. फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात टिपणं लिहायची, क्रमांक द्यायचा आणि मित्रांना झेरॉक्स पाठवायच्या, हा त्यांचा शिरस्ता. अशी १३०० वर टिपणं आहेत. २००२ साली ते कॅन्सरने आजारी होऊन न्यूनेनला परतले आणि ६ ऑगस्टला गेले. त्याच वर्षी त्या दोन पानांच्या पेपराला डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगमधल्या प्रभावी पेपराचा पुरस्कार मिळाला. २००३ पासून तो पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

मित्रांनो, प्रोजेक्टच्या डेमोला दहा वेळा बरोबर चाललेला प्रोग्राम अकराव्यांदा अडकतो, तेव्हा आपण रीस्टार्ट करतो आणि पुढे जातो. कॉलेजात ते खपतं. पण पुढे आपल्यापैकी कोणी बँकेचं, कोणी रेल्वेचं, कोणी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहील, आणि तिथला अकरावा माणूस आपल्या ओळखीचा नसेल. म्हणून पुढचं सेमाफोरचं प्रॅक्टिकल करताना कोड टाइप करायच्या आधी वहीत एकच ओळ लिहून बघा : काहीही झालं तरी या प्रोग्राममध्ये कायम खरं काय राहिलं पाहिजे? ती ओळ लिहिता आली नाही, तर अजून कोड लिहायची वेळ आलेली नाही.